जर्दाळूची बी आणि सुगिउरांचे उंदीर

१९७४ साली न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत उंदरांचं नाव काढायची सोय नव्हती. मार्च महिन्यात तिथल्या विल्यम समरलिन या संशोधकाने पांढऱ्या उंदरांच्या पाठीवर फेल्ट पेनने काळे डाग रंगवले आणि आपण केलेलं कातडीचं रोपण यशस्वी झालं, असं वरिष्ठांना दाखवलं. नंतर प्रयोगशाळेतल्या सहायकाने त्यावर अल्कोहोल लावून पुसलं, तर रोपणच पुसलं गेलं. कॅन्सर संशोधनात अमेरिकेतली पहिल्या रांगेतली ही संस्था. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ च्या डिसेंबरात राष्ट्रीय कॅन्सर कायद्यावर सही केली होती, सरकारी पैसा ओतला जात होता, आणि त्यात ही रंगीत उंदरांची बातमी. वर्तमानपत्रांना आयतं खाद्य मिळालं.

त्याच वर्षी रॅल्फ मॉस नावाचा तरुण तिथे जनसंपर्क विभागात विज्ञानलेखक म्हणून लागला. स्टॅनफर्डची पीएच.डी. होती, पण ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्यातली. काम मोठं छान होतं. प्रयोगशाळांतून हिंडायचं, शास्त्रज्ञांना बोलतं करायचं आणि त्यांचं काम देणगीदारांना, पत्रकारांना, घाबरलेल्या नातेवाइकांना समजेल अशा भाषेत लिहायचं. मोठ्या इस्पितळाच्या जनसंपर्क कचेरीत बसणाऱ्याला संस्थेबद्दल बाहेरच्यांपेक्षा कितीतरी जास्त कळतं आणि आतल्यांपेक्षा बरंच कमी. या दोहोंच्या मधल्या जागेवर बसून मॉस यांनी पुढची तीन वर्षं जे पाहिलं, त्यावर त्यांचं पुढचं सगळं आयुष्य बेतलं गेलं.

सुरुवातीच्याच एका कामात त्यांना संस्थेतल्या सर्वांत ज्येष्ठ शास्त्रज्ञावर लेख लिहायचा होता. कानेमात्सु सुगिउरा यांचा जन्म १८९० चा, जपानमधला. १९०५ मध्ये, पंधराव्या वर्षी, ते अमेरिकेत आले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून त्यांनी एकच काम केलं. प्राण्यांमधल्या गाठींवर एकेक रसायन तपासून पाहायचं आणि वहीत नोंद करायची. १९६२ मध्ये ते कागदोपत्री निवृत्त झाले, तरी प्रयोगशाळेत येणं थांबलं नाही. त्यांच्या अचूकतेबद्दल संस्थेचे उपाध्यक्ष चेस्टर स्टॉक एका रशियन पाहुण्याचा अभिप्राय सांगत. सुगिउरांनी एखादा निष्कर्ष छापला की आम्ही तो प्रयोग पुन्हा करायच्या भानगडीत पडत नाही, कारण उत्तर तेच येणार, असं तो पाहुणा म्हणाला होता. पुढे काय घडलं हे माहीत असलेल्याला ही शिफारस वाचताना थोडं हसू येतं.

सध्या काय चालू आहे, या प्रश्नावर सुगिउरांनी जे उत्तर दिलं ते मॉस यांना अजिबात अपेक्षित नव्हतं. म्हातारबुवा अमिग्डॅलिनवर काम करत होते. म्हणजे ज्याला सगळी अमेरिका लेट्रिल म्हणून ओळखत होती आणि ज्याला मॉस यांची स्वतःची संस्था भोंदूगिरी म्हणत होती, त्या जर्दाळूच्या बियांतल्या द्रव्यावर.

अमिग्डॅलिन हे काही गूढ द्रव्य नव्हे. कडू बदाम, जर्दाळू, पीच, आलुबुखार यांच्या बियांमधल्या दाण्यात ते असतं, आणि दाण्याला कडूपणा येतो तो त्याच्यामुळेच. १८३० मध्ये रोबिके आणि बुत्रों-शार्लार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते कडू बदामातून वेगळं काढलं. त्याचं विघटन झालं की तीन पदार्थ हाती येतात: साखर, बदामाच्या वासाचं बेंझाल्डिहाइड आणि सायनाइड. कॅन्सरवर ते वापरून पाहण्याचा प्रयत्न रशियात १८४५ मध्येच झाला होता. विसाव्या शतकात कॅलिफोर्नियातल्या क्रेब्स पितापुत्रांनी ते नव्याने बाजारात आणलं. धाकटे क्रेब्स डॉक्टर म्हणवून घेत, पण त्यांची डॉक्टरेट ओक्लाहोमातल्या एका छोट्या बायबल कॉलेजने दिलेली मानद पदवी होती. त्यांचा सिद्धान्त मात्र ऐकणाऱ्याला चटकन पटेल असा होता. कॅन्सरच्या पेशीत अमिग्डॅलिन फोडणारं विकर भरपूर असतं आणि सायनाइड निकामी करणारं विकर जवळजवळ नसतं, म्हणून विष फक्त रोगट पेशीत सुटतं आणि निरोगी पेशी सुखरूप राहते. पेशी तपासल्या तेव्हा असा काही फरक आढळला नाही. १९५३ मध्ये कॅलिफोर्निया मेडिकल असोसिएशनच्या समितीने लेट्रिल घेतलेल्या ४४ रुग्णांची माहिती तपासली. कुणालाही फायदा झाल्याचं दिसलं नाही. १९६३ मध्ये त्या राज्याने औषधावर बंदी घातली.

मग औषधाचं जीवनसत्त्व झालं. कॅन्सर म्हणजे ‘व्हिटॅमिन बी-१७’ची कमतरता, अशी नवी मांडणी आली. जीवनसत्त्व म्हटलं की ते अन्नपूरक म्हणून विकता येतं आणि औषधाच्या कायद्यातून सुटका होते, हा हिशेब त्यामागे होता. जीवनसत्त्व न मिळाल्याने विशिष्ट आजार होतो. क जीवनसत्त्वाविना स्कर्व्ही, ब-१ विना बेरीबेरी. अमिग्डॅलिन न मिळाल्याने माणसाला काहीही होत नाही. पण १९७० च्या दशकातल्या अमेरिकेत व्हिएतनाम आणि वॉटरगेटनंतर सरकार जे नाकारील ते खरं असणार, असं मानणारे थोडेथोडके नव्हते. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका डॉक्टरला लेट्रिल दिल्याबद्दल अटक झाली, आणि त्याच्या पाठीराख्यांनी ‘उपचार निवडण्याचं स्वातंत्र्य’ या नावाची चळवळच उभी केली. सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनात दवाखाने जोरात चालू लागले. १९७६ मध्ये अलास्काने कायदा करून लेट्रिलला परवानगी दिली आणि पाठोपाठ वीसहून जास्त राज्यांनी तीच वाट धरली. १९७८ पर्यंत सत्तर हजारांवर अमेरिकनांनी ते घेतलं असावं, असा अंदाज होता.

या पार्श्वभूमीवर १९७२ मध्ये स्लोन-केटरिंगने ते तपासायला घेतलं आणि काम सुगिउरांकडे दिलं. निवड अगदी योग्य होती. दुसऱ्याची गाठ आणून रोवलेले उंदीर त्यांनी या कामासाठी घेतले नाहीत. ज्यांच्या स्तनांत आपोआप गाठी होतात अशा जातीच्या माद्या घेतल्या, कारण माणसातला रोगही असाच आतून उद्भवतो. त्यांना रोज अमिग्डॅलिनची इंजेक्शनं दिली. मूळ गाठ विरघळली नाही. काही छोट्या गाठींची वाढ थोडा काळ थांबल्यासारखी वाटली. औषध घेतलेल्या माद्या जास्त टवटवीत दिसत. आणि मेल्यानंतर फुप्फुसं काढून पाहिली, तेव्हा तिथे पसरलेल्या गाठी औषध न घेतलेल्यांपेक्षा बऱ्याच कमी माद्यांत आढळल्या. स्तनाच्या कॅन्सरमध्ये माणूस बहुधा मूळ गाठीने मरत नाही, तो पसरलेल्या रोगाने मरतो. त्यामुळे हा निष्कर्ष लहान नव्हता. सुगिउरांनी त्याला ‘बरं करणारं औषध’ कधीच म्हटलं नाही. फार तर त्रास हलका करणारं, एवढंच ते सांगत. त्यांच्या वह्या मॉस यांनी पाहिल्या आणि ते हादरले.

इथे जरा थांबून फुप्फुसं पाहणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. सगळा वाद त्यातच आहे. सुगिउरा फुप्फुस आधी नुसत्या डोळ्यांनी तपासत, मग संशयास्पद जागा सूक्ष्मदर्शकाखाली घेत. साठ वर्षांच्या सरावाचे डोळे ते. पण कोणत्या पिंजऱ्यातली मादी औषध घेत होती, हे त्यांना ठाऊक असे. दुसऱ्या संशोधकांनी वेगळा मार्ग घेतला: फुप्फुसाचा लगदा करून तो निरोगी उंदरांत टोचायचा आणि गाठ उगवते का ते बघायचं. डोळ्याला न दिसणारा पसाराही त्यात पकडला जातो. संस्थेतल्या इतरांनी आणि न्यूयॉर्कच्याच क्वीन्समधले संशोधक डॅनियल मार्टिन यांनी प्रयोग केले. त्यांना औषधाचा भरवशाचा परिणाम दिसला नाही. मग ‘आंधळी’ चाचणी ठरली. औषध कुणाला दिलं हे पाहणाऱ्याला कळू द्यायचं नाही. ती खरोखर आंधळी राहिली का, पिंजऱ्यांत सरमिसळ झाली का, यावरूनही वाद झाले. पण शेवटच्या, स्वतः सुगिउरांनी तपासलेल्या आंधळ्या प्रयोगात औषधाची बाजू वरचढ ठरली नाही.

सुगिउरा खोटं बोलत होते असं त्यांच्या विरोधकांनीही कधी म्हटलं नाही. समरलिनच्या पेनाची त्यांच्या वह्यांशी तुलना करणं अन्यायाचं होईल. प्रामाणिक माणसालासुद्धा उत्तर माहीत असलं की डोळा थोडा झुकतो, आणि म्हणूनच आंधळी चाचणी लागते. लबाडांना पकडायला इतर उपाय आहेत. मॉस यांच्या पुढच्या सगळ्या लेखनात नेमकी हीच फट राहून जाते. त्यांनी माणूस पाहिला, माणूस सच्चा होता, म्हणून निष्कर्षही सच्चा मानला. साहित्याच्या अभ्यासकाची ही चूक समजण्यासारखी आहे. संहितेचं मोल लेखकाच्या आवाजावरून करायची सवय त्याला असते.

संस्थेची वागणूक मात्र तितकीशी समजून घेण्यासारखी नाही. १९७३ मध्येच सुगिउरांचे प्राथमिक निष्कर्ष बाहेर फुटले होते आणि लेट्रिलवाल्यांनी ते डोक्यावर घेतले होते. अशा वेळी ‘आमच्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाला हे दिसलं, इतरांना दिसत नाही, आम्ही शोध घेत आहोत’ असं सरळ सांगता आलं असतं. पण मॉस यांच्या म्हणण्यानुसार जनसंपर्क विभागाकडून लोकांना दिलं जाणारं उत्तर एकच होतं: काहीही आढळलेलं नाही. रंगवलेल्या उंदरांनी एकदा नाक कापलं होतं, दुसऱ्यांदा धोका कोण पत्करणार? संस्थेच्या शिखरावर त्या काळी लुईस थॉमस होते, पेशींवरच्या ललित निबंधांनी अमेरिकेला विज्ञानाची गोडी लावणारा लेखक-डॉक्टर. त्यांच्यासारखा सांगणारा घरात असताना ही गोष्ट सांगितली गेली नाही, हे नवलच.

१५ जून १९७७ ला पत्रकार परिषद झाली. लेट्रिलमध्ये कॅन्सर रोखण्याचा, आकसवण्याचा वा पसरण्यापासून थांबवण्याचा कोणताही गुण आढळला नाही, असं जाहीर झालं. सत्त्याऐंशी वर्षांचे सुगिउराही तिथे बसले होते. तुम्ही अजून आपल्या मतावर ठाम आहात का, असं एका पत्रकाराने त्यांना विचारलं. हो, ठाम आहे, एवढंच ते म्हणाले. संस्थेचे सगळे तक्ते एका बाजूला आणि ते एक वाक्य दुसऱ्या बाजूला. लोकांच्या लक्षात काय राहिलं असेल ते सांगायला नको. पुढच्या वर्षी निष्कर्ष ‘जर्नल ऑफ सर्जिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये छापून आले. लेखकांत सुगिउरांचंही नाव होतं, त्यांच्या नोंदीही त्यात होत्या.

मॉस तोवर सहायक संचालकपदावर पोहोचले होते. दिवसा संस्थेची निवेदनं लिहायची आणि बाकीच्या वेळात काही सहकाऱ्यांबरोबर ‘सेकंड ओपिनियन’ नावाचं गुपचूप निघणारं पत्रक चालवायचं, असा दुहेरी संसार चालला होता. नोव्हेंबर १९७७ मध्ये या गटाने लेट्रिल प्रकरणावर मोठा अहवाल काढला आणि त्या वेळी मॉस उघडपणे पुढे आले. लगेच नोकरी गेली. संस्थेच्या बाजूने पाहिलं तर दुसरं काय होणार होतं? जनसंपर्क अधिकाऱ्यानेच संस्थेवर खोटेपणाचा आरोप केल्यावर त्याला त्याच खुर्चीत कोण ठेवील? मॉस यांच्या दृष्टीने त्यांनी विवेकाचं काम केलं होतं. पुढे त्यांनी कॅन्सरच्या ‘उद्योगा’वर पुस्तकं लिहिली, आणि २०१४ मध्ये या प्रकरणावर निघालेल्या माहितीपटात तेच मुख्य निवेदक आहेत. सुगिउरा १९७९ मध्ये वारले.

उंदरांचा वाद असा अधांतरी असताना माणसं लेट्रिल घेतच होती. मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान मुलाला रक्ताचा कॅन्सर होता, आणि तो केमोथेरपीला चांगली साथ देणाऱ्या प्रकारचा होता. आईवडिलांनी कोर्टाचा आदेश मोडून त्याला तिहुआनाला नेलं; १९७९ च्या ऑक्टोबरात ते मूल गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की औषध सुरक्षित आणि गुणकारी असल्याचं सिद्ध करण्याची अट मरणासन्न रुग्णालाही लागू आहे; न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी तो लिहिला. १९८० मध्ये हॉलिवूडचा नट स्टीव्ह मक्वीन याने मेक्सिकोत हेच उपचार घेतले आणि नोव्हेंबरात, पन्नाशीतच, तो गेला.

शेवटी राष्ट्रीय कर्करोग संस्थेने देशभरच्या डॉक्टरांना पत्रं पाठवली: लेट्रिलने बरे झालेले रुग्ण असतील तर त्यांची कागदपत्रं द्या. सत्तर हजार लोकांनी घेतलेल्या औषधाच्या जेमतेम ९३ केसेस आल्या. तज्ज्ञांनी त्या तपासल्या, तेव्हा सहा रुग्णांत गाठ आकसल्याचं दिसलं. खरं तर एवढ्यावर फाइल बंद करता आली असती. पण मेयो क्लिनिकचे चार्ल्स मोर्टेल आणि त्यांचे सहकारी पुढे आले आणि माणसांवरची रीतसर चाचणी झाली. चार केंद्रांत. त्यांतलं एक स्लोन-केटरिंग. लेट्रिलवाल्यांच्या पद्धतीप्रमाणे आहार, जीवनसत्त्वं, स्वादुपिंडाची विकरंही दिली. १७८ रुग्ण होते. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांशांनी आधी केमोथेरपी घेतलेली नव्हती, म्हणजे ‘केमोने शरीर पोखरलं होतं’ ही सबब चालणार नव्हती.

१९८२ च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. गाठ ठरलेल्या मापाने आकसली अशी एकच केस, आणि तीही तात्पुरती. उपचार सुरू झाल्यापासून निम्मे रुग्ण पाच महिन्यांच्या आत गेले. सात महिन्यांपर्यंत सगळ्यांचाच रोग बळावला होता. काही जणांच्या रक्तात सायनाइड प्राणघातक पातळीच्या जवळ पोहोचलं होतं.

हे सायनाइडचं प्रकरण नीट समजून घ्यावं, कारण आजही माणसं फसतात ती याच ठिकाणी. शिरेतून दिलेलं अमिग्डॅलिन बहुतांशी तसंच लघवीवाटे निघून जातं. तोंडाने घेतलं की मात्र आतड्यातले जिवाणू ते फोडतात आणि सायनाइड सुटतं. कच्चे बदाम किंवा मोड आलेली कडधान्यं सोबत खाल्ली, किंवा क जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेतले तर धोका वाढतो. म्हणजे ‘इंजेक्शन नको, नैसर्गिक बी खा’ हा सल्ला नेमका उलटा आहे. डोकेदुखी, चक्कर, ओकाऱ्या, रक्तदाब घसरणं, त्वचा निळी पडणं, पापण्या खाली ओघळणं, चालताना तोल जाणं, यकृताला इजा, ही सगळी सायनाइडच्या विषबाधेची लक्षणं. १९७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात वर्षही पुरं न झालेल्या एका मुलीने वडिलांच्या लेट्रिलच्या गोळ्या गिळल्या आणि ती दगावली.

हे सगळं जुनं झालं, असं वाटत असेल तर मोबाइल उघडावा. ‘कॅन्सर हा रोग नसून व्यवसाय आहे’ असं म्हणत बी-१७ ची महती गाणारा निरोप भारतातही अनेक वर्षं फिरतो आहे. त्यात रोज पंधरा-वीस बिया खा, असं सांगितलेलं असतं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिलेला इशारा त्याच्याशेजारी ठेवून पाहा: प्रौढाने एका वेळी तीनपेक्षा जास्त छोटे कच्चे दाणे, किंवा मोठ्या दाण्याचा अर्धासुद्धा खाल्ला, तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. तान्ह्या-लहानग्यांना एक छोटा दाणाही जास्त. सुक्या जर्दाळूची बी दगडाने फोडून आतला दाणा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खाल्ला आहे. तो बहुधा गोड जातीचा असतो आणि कडू लागला तर मूल थुंकूनच टाकतं. औषध म्हणून विकली जाते ती कडूच बी, आणि ती थुंकायची नाही असं बजावलेलं असतं.

स्लोन-केटरिंगने १९७४ ते ७७ मध्ये जे केलं नाही, म्हणजे लोकांना सगळं सरळ सांगणं, ते परळच्या टाटा मेमोरियलमधल्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये केलं. पत्नीचा कॅन्सर हळद, कडुलिंब आणि विशिष्ट आहाराने बरा झाला, असा दावा एका माजी क्रिकेटपटूने केला, तेव्हा काही दिवसांतच त्यांनी सह्यांचं निवेदन काढून सांगितलं की या पदार्थांवर संशोधन चालू आहे, पण ते उपचार म्हणून वापरावेत असा पुरावा आज नाही. संशोधन चालू आहे हे लपवलं नाही आणि पुरावा नाही हेही लपवलं नाही. लेट्रिलबद्दलचा पुरावा २०१५ मध्ये वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात पुन्हा पाहिला गेला: फायदा दाखवणारी एकही भरवशाची चाचणी नाही, विषबाधेचा धोका मात्र खरा.

घरातल्या रुग्णासाठी कुणी प्रेमाने अशा बिया, त्यांची पूड किंवा गोळ्या आणून दिल्या असतील, तर ती गोष्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावतील या भीतीने बरेच जण गप्प बसतात. मग चक्कर आणि ओकाऱ्या सुरू होतात, त्या केमोच्या खात्यावर जमा होतात आणि सायनाइडची तपासणी कुणी करत नाही. पाकीट सोबत न्या, किती दाणे आणि कधीपासून घेतले ते सांगा. सायनाइडवर उतारा आहे. तो वेळेत द्यायचा तर डॉक्टरला आधी हे कळायला हवं.